थंडाई घरचीच बरी

होळी जवळ आली की कामठीच्या बाजारात चारोळी, मगज बी आणि खसखस यांची विचारणा वाढते. १८२१ साली इथे लष्करी छावणी वसली आणि अनेक प्रांतांची माणसे गावात आली. त्यामुळे पुरणपोळीइतकीच थंडाईही आपल्या सणाची झाली आहे. हे पेय घरी करणे अगदी सोपे आहे.

चार पेल्यांसाठी तीस बदाम, दोन चमचे मगज बी व एक चमचा खसखस तीन-चार तास भिजत घालावी. बदामाची साले काढावीत. चवीला कडू लागणारा बदाम टाकून द्यावा, कारण कडू बदामात विषारी द्रव्य असते. दोन चमचे बडीशेप, आठ-दहा मिरे, चार वेलदोडे व थोड्या गुलाबपाकळ्या घालून सर्व बारीक वाटावे. हे वाटण पाऊण लिटर उकळून गार केलेल्या दुधात मिसळून गाळावे. साखर आठ लहान चमचे पुरे. बर्फ घरच्या स्वच्छ पाण्याचाच असावा. उन्हाळ्यात दूध लवकर नासते, म्हणून थंडाई दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

म्हशीचे दूध घेतले तर एका पेल्यात अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात, म्हणजे जवळजवळ तीन पोळ्या. मधुमेहींनी साखर वगळून अर्धाच पेला घ्यावा. ज्यांना बदाम-काजूने अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, त्यांनी थंडाई घेऊच नये.

आता मुख्य गोष्ट. धुळवडीच्या संध्याकाळी माझ्या दवाखान्यात छातीत धडधडणारे, "डॉक्टरसाहेब, मी मरतो" म्हणणारे तरुण येतात. बहुतेकांनी भांग घातलेली थंडाई प्यायलेली असते. भांगेचा अंमल लगेच होत नाही, त्याला तास-दोन तास लागतात. काही होत नाही असे समजून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. भांगेतील मादक द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे दूध-बदामात ते छान मिसळते आणि चवीवरून मात्रेचा अंदाज येत नाही. हृदयरोग्याला हे धोक्याचे आहे. लहान मुलाने चुकून घोटभर प्यायली तरी ते गुंगीत जाऊ शकते, कधी श्वासही मंदावतो.

असे झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, लिंबू-लोणचेही भरवू नये. रोग्याला कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये. मूल असेल, शुद्ध हरपत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भांग घेतली होती हे डॉक्टरांपासून लपवू नये. आम्हाला उपचार करायचा असतो, चौकशी नव्हे.

वाचकहो, पाहुण्यांकडे पेला हाती आला तर "यात काय आहे?" असे विचारायला संकोच करू नका. आणि मुलांना थंडाई द्यायची ती आपल्या हाताने वाटलेलीच द्या.