बादली खाऱ्या वाऱ्याने फुटते का?

केळव्यात समुद्राजवळच्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची मोडली किंवा विहिरीवरची बादली चिरली, की दोष खाऱ्या वाऱ्याला दिला जातो. या वाऱ्याने खिळे आणि बिजागऱ्या गंजतात हे खरे. पण खुर्च्या-बादल्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्याला मीठ बाधत नाही. त्याचा वैरी ऊन आहे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. आधी रंग विटतो, मग बोटाला पांढरी भुकटी लागते, शेवटी किरकोळ धक्क्यानेही तडा जातो. छपरावरची काळी टाकी मात्र तेच ऊन वर्षानुवर्षे सोसते, कारण तिच्या पॉलिथिलीनमध्ये मिसळलेली काजळी हे किरण शोषून घेते. टाकीचे प्लास्टिक वेगळे आणि जाड असते, असे कोणी म्हणेल. मग न्हाणीघरातली बादली पाहावी. हवा तीच खारी, पण ऊन नसल्याने ती कितीतरी जास्त टिकते.

दुसरा गैरसमज असा, की सगळे प्लास्टिक एकच, म्हणून फेविक्विकसारखा गोंद कशालाही चालतो. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 2 म्हणजे उच्च घनतेचे पॉलिथिलीन, 3 म्हणजे पीव्हीसी, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. 2 आणि 5 यांच्या पृष्ठभागावर साधा गोंद धरतच नाही. तिथे तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही, आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने टाके घालावेत. पीव्हीसीच्या पाइपाला त्याचे सोल्व्हंट सिमेंट लावावे. तो तापवू नये, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो.

एवढ्या स्वस्त वस्तूसाठी हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. भुकटी सुटलेली खुर्ची दुरुस्त करून कोणाला बसायला देऊ नये, हेही खरेच, कारण ती आतूनही ठिसूळ झालेली असू शकते. पण म्हणूनच काळजी आधी घ्यायला हवी. उन्हात टाकलेले प्लास्टिक कुजत नाही, त्याचे कण होऊन ते वाळूत आणि समुद्रात मिसळते, आणि ते वेचून काढणे कोणालाच शक्य नाही. वापर संपला की खुर्च्या-बादल्या सावलीत ठेवण्याला पैसाही लागत नाही.