बोलायची पाळी कोणाची?

भिगवण स्टेशनात सोलापूरच्या बाजूला आता रुळांच्या दोन जोड्या जाताना दिसतात. २०२२ पर्यंत इथून वाशिंब्यापर्यंतच्या सुमारे २८ किलोमीटरांत एकच जोडी होती. मुंबई–चेन्नईसारखा वाहता मार्ग इंदापूर तालुक्याच्या या टोकाला येऊन एकेरी व्हायचा. समोरची गाडी येऊन जाईपर्यंत अलीकडची स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपवर, उभी, याला रेल्वेच्या बोलीत क्रॉसिंग म्हणतात. बारामतीकरांना ते सांगायला नको, त्यांचा दौंड–बारामती फाटा एकेरीच आहे.

एकेरी मार्गावर गाडी कोणत्याही दिशेला धावू शकते, फक्त एका वेळी एकाच. त्यामुळे स्टेशन मास्तर आधी पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लिअर मागतो. ती मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि दोन्हीकडची यंत्रं विजेनं अशी बांधलेली असतात की दोन्ही टोकांनी एकाच वेळी गाडी सोडता येऊ नये. मोठ्या मेनफ्रेम संगणकांचं जाळं उभारणाऱ्यांना हाच पेच सोडवायचा होता. एका वेळी एकाच दिशेनं, आळीपाळीनं होणाऱ्या संवादाला ते हाफ डुप्लेक्स म्हणतात, दोन्हीकडून एकदम चालणाऱ्याला फुल डुप्लेक्स.

आयबीएमनं १९७४ मध्ये एसएनए ही जाळ्याची रचना जाहीर केली. पुढे त्यात एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी थेट बोलण्याची एपीपीसी ही पद्धत आली. तिच्या मूळ रूपात संभाषणाचं एक टोक ‘पाठवणारं’ आणि दुसरं ‘घेणारं’ असतं. पाठवणाऱ्याचं सांगून झालं की तो निरोपाबरोबर दिशा बदलल्याची खूण पाठवतो, आणि पाळी पलीकडे जाते. घेणाऱ्याला मध्येच काही सांगायचं असेल, तर त्याला पाळी मागता येते. ती द्यायची की नाही, हे पाठवणारा ठरवतो. पाळी नसताना पाठवायला गेलं की चूक परत येते. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत बसणं. तिथे चूकही दिसत नाही, काम नुसतं थांबून राहतं.

इथे एक गोष्ट सहसा निसटते. खालची तार दुहेरी असली म्हणून वरचं संभाषण दुहेरी होत नाही. एसएनएमध्ये दोन यंत्रांमधल्या दुव्यावर दोन्हीकडून एकदम माहिती वाहू शकत होती, तरी त्यावरचे प्रोग्राम पाळीनंच बोलत. भिगवणलाही तसंच आहे. रूळ दुहेरी झाले, पण त्यांवरून धावणाऱ्या गाडीतले लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) वॉकीटॉकीवर एकेक करूनच बोलतात: बटण दाबायचं, सांगायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, बटण सोडायचं. एकानं बटण दाबून ठेवलं की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

तरी हाफ डुप्लेक्सला मागासलेलं म्हणणं अन्यायाचं आहे. खात्यातली शिल्लक विचारायची आणि उत्तर घ्यायचं, एवढंच काम असेल तर पाळीची शिस्त हा मोठा आधार असतो. कोणाचं बोलणं कुठवर आलं, हे दोन्ही टोकांना ठाऊक असतं, आणि काही बिघडलं तर व्यवहार कुठून मागे घ्यायचा तेही कळतं.

खरी अडचण होते ती एका बाजूनं माहितीचा लांब ओघ चालू असताना दुसऱ्या बाजूला ‘थांब’ म्हणायचं असतं तेव्हा. एपीपीसीत पुढे फुल डुप्लेक्स संभाषण आलं. इंटरनेटवरची टीसीपी ही पद्धत तर पहिल्यापासूनच दोन्ही दिशांनी वाहणारी. पण त्यानं प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम वाढतं. पाठवता पाठवता घ्यायचंही असतं, आलेलं उत्तर आपल्या कोणत्या प्रश्नाचं हे जुळवावं लागतं, आणि एक दिशा बंद केली तरी दुसरी उघडीच राहते. ती वेगळी बंद करावी लागते.