रॉचडेल येथील कामगारांची सहकारी गिरणी आणि मालकीचा प्रश्न

सहकाराच्या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांतील रॉचडेल या गांवच्या एका लहानशा दुकानापासून करण्याचा प्रघात आहे, आणि तो गैर नाहीं. परंतु ही हकीकत बहुधा दुकानाच्या भरभराटीपाशींच संपविली जाते. त्याच मंडळींतील माणसांनीं दहा वर्षांनंतर एक गिरणी काढली, तींत श्रम करणारास नफ्याचा वांटा देण्याचा नियम केला, आणि आठच वर्षांत तो नियम खुद्द सभासदांच्या मतांनीं रद्द झाला, हा भाग क्वचितच सांगितला जातो. कामगारांच्या सहकारी संस्था कशा टिकतात व कशा पालटतात हें समजण्यास दुकानापेक्षां या गिरणीचा इतिहास अधिक उपयोगी आहे. प्रस्तुत लेखांत तो थोडक्यांत मांडून, त्यावरून निघणारी एक कसोटी दाखविण्याचा हेतु आहे.

रॉचडेल हें लँकेशायर परगण्यांतील विणकरांचें गांव. फ्लॅनेल, म्हणजे लोकरीचें मऊ कापड, हा तेथील जुना धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत यंत्रमागांनीं हातमागांस मागें सारलें व मजुरीचे दर उतरत गेले. अशा वेळीं दाद मागण्याचे मार्ग दोनच होते. एक संप व दुसरा पार्लमेंट. पैकीं पार्लमेंटचें दार कामगारास बंद होतें. १८३२ च्या सुधारणा कायद्यानें शहरांत वर्षाला किमान १० पौंड भाड्याच्या योग्यतेचें घर असणाऱ्या पुरुषासच मताचा हक्क दिला. त्यामुळें मध्यमवर्ग आंत गेला, आणि ज्या कामकऱ्यांनीं त्या कायद्यासाठीं सभा गाजविल्या होत्या ते बाहेरच राहिले. पुढें मे १८३८ मध्यें ‘लोकांची सनद’ प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान, पार्लमेंटच्या सभासदांस वेतन इत्यादि सहा मागण्या तींत होत्या. सनदेच्या पुरस्कारार्थ १८३९ सालीं एक व १८४२ सालीं दुसरा अर्ज पार्लमेंटपुढें ठेवण्यांत आला. दुसऱ्या अर्जावर तीस लाखांहून अधिक सह्या होत्या. दोन्ही अर्ज फेटाळले गेले. व्हिग असोत कीं टोरी असोत, दोन्ही पक्षांच्या दारीं कामगारास सारखेंच उत्तर मिळालें. १८४२ च्या ऑगस्टमध्यें उत्तर इंग्लंडांत झालेला मोठा संपही मोडून पडला.

रॉचडेलच्या मंडळीचा जन्म या दुहेरी पराभवांतून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. तिच्या संस्थापकांत कांहीं सनदवादी होते, तर चार्ल्स हॉवर्थसारखे कांहीं रॉबर्ट ओवेन याचे अनुयायी होते. ऑक्टोबर १८४४ मध्यें मंडळीची नोंदणी झाली व २१ डिसेंबर १८४४ रोजीं टोड लेन या रस्त्यावर तिचें दुकान उघडलें. सभासद २८ व भांडवल २८ पौंड असा आंकडा परंपरेनें चालत आलेला आहे. दुकानांत पीठ, लोणी, साखर, ओटचें पीठ व मेणबत्त्या एवढाच माल होता.

मंडळीचे उद्देश मात्र दुकानापुरते नव्हते. सभासदांसाठीं घरें बांधणें, बेकार अथवा कमी मजुरी मिळणाऱ्या सभासदांस काम मिळावें म्हणून माल तयार करणें, जमीन घेऊन ती कसणें, आणि अखेरीस उत्पादन, वांटणी, शिक्षण व राज्यव्यवस्था या चारही गोष्टी आपल्या हातीं घेऊन स्वावलंबी वसाहत स्थापणें, असा तो क्रम होता. ज्यांना देशाच्या राज्यव्यवस्थेंत मत नव्हतें त्यांनीं स्वतःची लहानशी राज्यव्यवस्था निर्माण करण्याचें योजिलें, असाच याचा अर्थ होतो. त्या व्यवस्थेचे नियमही तदनुरूप होते. भाग कितीही असोत, मत प्रत्येकीं एक. स्त्रियांनाही सभासद होतां येई. भांडवलास ठराविक व्याज मिळे. उरलेला नफा ज्यानें जितका माल घेतला असेल त्या प्रमाणांत त्यास परत दिला जाई. धर्म व राजकीय पक्ष यांच्या वादांत मंडळीनें तटस्थ राहावें असा शिरस्ता पडला. पुढें नफ्यांतून शेंकडा अडीच भाग शिक्षणासाठीं काढून ठेवण्यांत येऊं लागला व त्यांतून वाचनालय व ग्रंथसंग्रह चालूं लागला. १८४५ सालीं सभासद ७४ व विक्री ७१० पौंड होती. १८६० सालीं सभासदांची संख्या ३,४५० व विक्री सुमारें १,५२,००० पौंडांपर्यंत गेली.

दुकानाचा जम बसल्यावर उद्देशांतील पुढील कलम, म्हणजे माल तयार करणें, हातीं घेण्यांत आलें. १८५२ च्या कायद्यानें अशा उद्योगी मंडळ्यांस कायदेशीर स्थान मिळालें होतें. १८५४ सालीं रॉचडेलची सहकारी उत्पादक मंडळी स्थापन झाली. आरंभीं तिचें काम भाड्याच्या जागेंत चाले. १८५९ सालीं मिचेल हे या नांवाची स्वतःची गिरणी सुरू झाली. या मंडळीचा विशेष तिच्या नफ्याच्या नियमांत होता. प्रथम भांडवलास ठराविक व्याज द्यावयाचें, आणि नंतर राहिलेला नफा भांडवल व मजुरी या दोहोंवर वांटावयाचा. उदाहरणार्थ, एकानें ५० पौंडांचे भाग घेतले असतील आणि दुसऱ्यानें वर्षभर राबून ५० पौंड मजुरी मिळविली असेल, तर शिल्लक नफ्यांत दोघांचा हक्क मानला जाई. मग तो दुसरा भागीदार असो वा नसो. मागावर उभा राहणारा माणूस नुसता मोलकरी नसून धंद्याचा वांटेकरी आहे, हें तत्त्व येथें नियमाच्या रूपानें मान्य झालें.

हा नियम कसा मोडला हें पाहण्यासारखें आहे. गिरणी बांधण्यास व यंत्रें घेण्यास मोठें भांडवल लागलें, म्हणून भाग सर्वांस खुले ठेवण्यांत आले. धंदा चांगला चालला होता व नफा समाधानकारक होता. त्यामुळें ज्यांचा त्या गिरणीच्या कामाशीं कांहीं संबंध नव्हता अशा पुष्कळ लोकांनीं भाग घेतले. हे लोक धनाढ्य होते असें नव्हे. दुकानांत जमलेली शिल्लक कोठें तरी गुंतवूं पाहणारे कामकरीही त्यांत होते. एक माणूस एक मत हा नियम येथेंही पाळला जात होता. परंतु मत मिळे तें भाग घेतल्यामुळें, काम केल्यामुळें नव्हे. परिणामीं गिरणीच्या सभेंत गिरणींत न राबणारांची संख्या भारी झाली. कामगारास बाजारभावानें मजुरी मिळतच आहे, मग आमच्या नफ्यांतून त्यास आणखी कशाला द्यावयाचें, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८६० सालीं मजुरीचा वांटा रद्द करण्याचा ठराव सभेपुढें आला, तेव्हां बहुमत त्या बाजूस असूनही नियम बदलण्यास लागणारें मताधिक्य मिळालें नाहीं. १८६२ सालीं तें मिळालें. विल्यम कूपर यांच्यासारख्या जुन्या संस्थापकांचा विरोध व्यर्थ गेला. हीं वर्षें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरांत कापसाचा दुष्काळ पडला तीं होत. तथापि पहिला ठराव त्या दुष्काळापूर्वींचा असल्यानें केवळ आपत्तीवर दोष ढकलतां येत नाहीं. दोष घटनेंतच होता. या ठरावानंतर सहकारी गिरणी व साधी भागीदारीची कंपनी यांत कामगाराच्या दृष्टीनें फारसा भेद उरला नाहीं.

या घटनेचे दोन निष्कर्ष काढले गेले. १८६६ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या जिनेव्हा येथील परिषदेसाठीं कार्ल मार्क्स यानें जें टिपण लिहिलें, त्यांत सहकारी कारखाने साध्या कंपन्यांच्या वळणावर जाऊं नयेत म्हणून त्यांतील सर्व कामगारांस, ते भागीदार असोत वा नसोत, सारखाच वांटा मिळावा अशी शिफारस आहे. उलट १८९१ सालीं बिआट्रिस पॉटर हिनें आपल्या ग्रंथांत कामगारांच्या उत्पादक मंडळ्या टिकत नाहींत असें सांगून ग्राहकांच्या सहकाराची बाजू उचलून धरली. ब्रिटनमधील चळवळ या दुसऱ्या वाटेनें गेली. १८६३ सालीं स्थापन झालेल्या घाऊक मंडळीनें पुढें स्वतःचे कारखाने काढले. परंतु त्यांची मालकी ग्राहकांच्या मंडळ्यांकडे राहिली व कामगार वेतनावर राहिला. पक्षांविषयींची तटस्थताही अबाधित राहिली नाहीं. पहिल्या महायुद्धांत सरकार आपल्याला विचारींत नाहीं असें आढळून आल्यावर १९१७ च्या स्वॉन्झी येथील परिषदेनें पार्लमेंटांत स्वतःचे प्रतिनिधि पाठविण्याचें ठरविलें. त्यांतून सहकारी पक्ष निघाला आणि १९२७ सालीं त्यानें मजूर पक्षाशीं करार केला. पक्षांच्या दारांतून परत आलेल्या लोकांची चळवळ ऐंशी वर्षांच्या आंत स्वतःच एक पक्ष झाली.

पॉटरबाईंचें मत सर्वथा खरें ठरलें असतें, तर हा इतिहास येथेंच संपला असता. परंतु स्पेनमधील बास्क प्रांतांत माँड्रागोन या गांवीं निराळा प्रयोग झाला. तेथील परिस्थिति शंभर वर्षांपूर्वींच्या रॉचडेलची आठवण देणारी होती. फ्रँकोच्या राजवटींत विरोधी पक्ष व स्वतंत्र कामगारसंघ यांस बंदी होती. १९४१ सालीं तेथें आलेल्या होसे मारिया आरिझमेंदियारिएता या पाद्रीनें १९४३ सालीं धंदेशिक्षणाची शाळा काढली, व तिच्यांतून बाहेर पडलेल्या पांच तरुणांनीं १९५६ सालीं उल्गोर हा कारखाना सुरू केला. त्यांच्या घटनेंत रॉचडेलच्या गिरणीचें छिद्र बुजविलेलें दिसतें. सभासद तोच, जो कारखान्यांत काम करतो. कायमच्या कामगारानें सभासद व्हावयाचें. भांडवलास व्याज आहे पण मत नाहीं. सभासद नसलेल्या मजुरांच्या प्रमाणास मर्यादा. या पायावर तेथें कारखाने, पेढी व शाळा यांचा मोठा समूह उभा राहिला. तथापि पुढें परदेशांत काढलेल्या कारखान्यांतील कामगार बहुतांशीं सभासद नाहींत, आणि २०१३ सालीं मूळ कारखान्याचा वंशज असलेली फागोर ही संस्था दिवाळखोरींत गेली. सुदैवानें तिच्या अनेक सभासदांस समूहांतील इतर संस्थांनीं सामावून घेतलें. घटना उत्तम असली तरी प्रश्न कायमचा सुटत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

महाराष्ट्राशीं या विषयाचा संबंध उघड आहे. आपला सहकार १९०४ च्या कायद्यान्वयें पतपेढ्यांपासून सुरू झाला. अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला व १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें. या कारखान्यानें व त्याच्या मागून निघालेल्या कारखान्यांनीं शेतकऱ्यास सावकार व खासगी कारखानदार यांच्या पकडींतून सोडविलें, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु हे कारखाने ऊस पिकविणारांचे आहेत. यंत्रावरचा कामगार व बीडसारख्या जिल्ह्यांतून बायकामुलांसह येणारा ऊसतोड्या यांस तेथें त्यांच्या कामाबद्दल मत नाहीं. शिवाय कारखान्याचें अध्यक्षपद ही विधानसभेची पायरी झाल्यानें सहकार हा पक्षकारणास पर्याय न राहतां त्याचाच एक पाया बनला. रॉचडेलला जें आठ वर्षांत मतदानानें घडलें, तें येथें मूळ घटनेंतच होतें. म्हणून त्यासाठीं ठराव करण्याची गरजही पडली नाहीं.

याला अपवाद आहेत, व ते लहान असले तरी महत्त्वाचे आहेत. १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारानें मुंबई प्रांतांत निघालेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांत लांकूड तोडणारा आदिवासी स्वतः सभासद होता. ठेकेदाराची जागा त्याच्या संस्थेनें घ्यावी हा तींतील हेतु होता. पुण्यांत १९९३ सालीं कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, व पुढें तिच्यांतूनच कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा उचलणारी बाईच तेथें संस्थेची सभासद आहे.

तेव्हां कोणतीही संस्था कामगारांची आहे किंवा नाहीं हें तिच्या नांवावरून, तिच्या संस्थापकांच्या हेतूवरून, किंवा तिच्यांत एक माणूस एक मत हा नियम आहे एवढ्यावरूनही ठरविणें धोक्याचें आहे. हीं तिन्ही लक्षणें १८६२ च्या रॉचडेलच्या गिरणींत होतीं. पाहावयाचें तें इतकेंच कीं, जो राबतो त्यास मत आहे काय, आणि ज्यास मत आहे तो राबतो काय. संस्थांच्या दप्तरांतून सभासदांच्या याद्या व हजेरीपट अद्याप शिल्लक आहेत. ते शेजारीं ठेवून ताडून पाहिल्यास आपल्या प्रांताच्या सहकाराचा जो इतिहास हातीं येईल, तो वार्षिक अहवालांतील इतिहासाहून पुष्कळच निराळा असेल. तें काम अभ्यासकांनीं हातीं घ्यावें अशी विनंति आहे.