मिशन शाळेची खुर्ची

अनुदानित खाजगी शाळेत मुख्याध्यापक कोण होणार, हे बहुतेक वेळा सेवाज्येष्ठता यादीच ठरवते. अल्पसंख्याक संस्थांचे तसे नाही. घटनेच्या कलम 30 ने त्यांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. केरळमधल्या एका शाळेच्या खटल्यात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुख्याध्यापक निवडणे हा त्या हक्काचाच भाग. संस्थेला ज्येष्ठता ओलांडता येते. नगर जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या मिशन हायस्कुलात मी ‘मोठ्या बाई’ झाले ती याच वाटेने. (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून नगरच म्हणते.) यादीत माझ्या वर गणिताचे सर होते. ते हिंदू, मी ख्रिस्ती. कायद्याने सगळे ठीक होते, पण स्टाफरूममध्ये कायद्याला कोण विचारतो?

ख्रिस्ती नेतृत्वावरच्या शिबिरांत एक प्रसंग हमखास सांगतात: शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. जो सेवक तोच पुढारी. प्रसंग मला लहानपणापासून प्रिय आहे. सोमवारी सकाळी शाळेत त्याचे करायचे काय, हे मात्र शिबिरात कुणी सांगत नाही. मी वेळापत्रक सरांच्या हाती सोपवले. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल. पण शाळेतली खरी सत्ता वेळापत्रकात असते: कुणाला सलग चार तास, कुणाला जेवणानंतरचा पेंगुळलेला वर्ग, कुणाला शनिवारी लवकर सुटी. सरांनी मला नववी ‘क’चा शेवटचा तास दिला. मी घेतला. ते वर्षभर माझ्याशी कामापुरतेच बोलले, पण वेळापत्रकाबद्दल एकही तक्रार माझ्या टेबलावर आली नाही.

आमच्या भागात मिशन शाळा जुन्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका 1827 मध्ये आली, 1839 मध्ये नगरला गेली आणि तिथेच 1862 मध्ये वारली. तिच्या मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही तिचे नाव जोडले जाते. ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोक भाषणांत फार अभिमानाने सांगतो. तिच्या शाळांत कोण येत होते, हे सांगायला मात्र विसरतो. ज्यांना दुसरी शाळाच नव्हती, अशांच्या त्या मुली होत्या.

दुसरी आठवण पंडिता रमाबाईंची, आणि ती अवघड आहे. मुलींच्या शिक्षणासाठीचे त्यांचे शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यात आले. धर्म शिकवणार नाही, असे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार 1893 मध्ये बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घ्यायला रमाबाईंनी नकार दिला. मला त्यांची बाजू कळते, मुली नेणाऱ्या बापांचीही कळते. मिशन शाळेच्या प्रमुखाला या दोघांच्या मधोमध उभे राहावे लागते, अजूनही.

घटनेचे कलम 28 याबाबत स्वच्छ आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याच्या, तो सज्ञान नसेल तर पालकाच्या, संमतीवाचून त्याला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आम्ही प्रोटेस्टंट, पण कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2024 मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचना मी मुद्दाम वाचल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात रोज घटनेची उद्देशिका म्हणा, शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवा, असे त्यांत होते. भीतीपोटी काढलेले परिपत्रक, असे काहींनी म्हटले. असेलही. भीतीपोटी का होईना, सांगितले ते बरोबरच होते. आमच्या परिपाठात साने गुरुजींची प्रार्थना कित्येक वर्षे आहे आणि नाताळचा कार्यक्रमही आहे. पाळकसाहेबांची भक्ती बोर्डिंगातल्या ख्रिस्ती मुलांसाठी, शाळा भरण्याआधी.

पण प्रार्थनेवरून भांडणे सोपे असते. ख्रिस्ती शाळेची परीक्षा प्रवेशाच्या वेळी होते, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. मे 2014 मध्ये प्रमती खटल्याच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्याबाहेर गेल्या. कित्येक संस्थांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग 2021 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचा अहवाल आला: ख्रिस्ती शाळांतली सुमारे 74 टक्के मुले ख्रिस्ती नाहीत, आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळांत मिळून वंचित घटकांतली मुले 8.76 टक्के. आयोगाच्या हेतूंविषयी आमच्यात पुष्कळ कुजबुज झाली. पहिला आकडा मला खटकत नाही. आमचे दार सर्वांना उघडे आहे, याचा तो पुरावा. दुसरा सलतो. शहरातल्या इंग्रजी शाळांच्या फाटकाबाहेर उभे राहून पाहा, मोटारी कुणाच्या आहेत ते.

आमच्या मराठी शाळेला तो प्रश्न नव्हता, आमच्याकडे गरीबच यायचे. आमचा प्रश्न वेगळा. पाथर्डी, शेवगावकडचे ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून जावेच लागते. परततात गुढीपाडव्याच्या आसपास. पोरे बरोबर गेली की शाळा बुडते. आजी नसेल त्या घरातल्या मुलांना आमचे बोर्डिंग हाच आधार. पण ही मुले वर्षाच्या मधोमध, मागे पडलेली येत. आधार कार्डावर नाव एक, दाखल्यावर दुसरे. आता संचमान्यता आधार-पडताळणी झालेल्या पटावर होते. नाव जुळले नाही तर मूल वर्गात बसलेले असूनही मोजले जात नाही, आणि पट कमी भरला की शिक्षकाचे पद जाते. शालेय समितीतले एक सभासद, चांगले मंडळीत वडील असलेले गृहस्थ, म्हणाले, “बाई, ही मुले घेऊन तुम्ही निकालही घालवणार आणि पदेही.” हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता.

तेव्हा मदतीला आले ते गणिताचे सर. आधार केंद्रावर मुलांना नेणे, बापाचे अंगठे, राजपत्रातल्या नावबदलाचे अर्ज, हे सगळे त्यांनी अंगावर घेतले. दहावीच्या निकालाची शंभरी मात्र गेली ती गेलीच. संस्थेच्या माहितीपुस्तिकेतून ती ओळ काढावी लागली आणि त्यावरून मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

सप्टेंबर 2025 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दलच शंका व्यक्त केली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्यानंतर एका इंग्रजी मिशन शाळेच्या तरुण मुख्याध्यापकाचा मला फोन आला. सलाम वगैरे झाल्यावर त्याने विचारले, “बाई, कायदा लागू झाला तर काय करायचे?” मी म्हटले, “लागू होईपर्यंत कशाला थांबता? आजच जागा ठेवा.” पैशांचे काय, हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो खरा होता, सरकारची प्रतिपूर्ती कायद्याखालच्या प्रवेशांसाठी असते, संस्थेने आपखुशीने दिलेल्या प्रवेशांसाठी नव्हे. आम्ही बसून आकडे मांडले: ज्यांना परवडते त्यांच्या फीमध्ये थोडी वाढ, माजी विद्यार्थ्यांकडून काही, मंडळीच्या हंगामाच्या अर्पणातून काही.

त्याने लहान गटात दहा जागा मागितल्या. समितीने पाच दिल्या, त्याही एका वर्षापुरत्या.