छातीचा सीटी स्कॅन सगळ्याजणींनी काढावा का?

मागच्या बैठकीत आमच्या गटात एक प्रश्न निघाला. तालुक्याला शिबिर आहे, सवलतीत छातीचा सीटी स्कॅन काढून मिळतो; तर गटातून उचल घेऊन सगळ्याजणींनी काढावा का? चुलीच्या धुरात निम्मा जन्म गेला, भीती वाटणारच. म्हणून आम्ही माहिती काढली.

साध्या एक्स-रेत हृदय, बरगड्या, फुफ्फुसं एकावर एक दिसतात. लहान गाठ त्यांच्याआड लपते. सीटीत काकडीच्या चकत्या कराव्यात तशी छातीची पातळ पातळ चित्रं निघतात, मग ज्वारीच्या दाण्याएवढी गाठही सापडते. तपासणीसाठी कमी किरणांचा सीटी वापरतात. सुई नाही, दुखत नाही, थोडा वेळ श्वास रोखायचा एवढंच.

अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त माणसांवर याचा अभ्यास झाला, निकाल २०११ साली आला. सगळे वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले. निम्म्यांचा एक्स-रे, निम्म्यांचा सीटी, वर्षाला एक असा तीनदा. सीटीवाल्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले, म्हणजे जिथे पाच जण दगावले असते तिथे चार.

पण दुसरी बाजू ऐका. ज्यांच्या सीटीत काही संशयास्पद दिसलं, त्या शंभरातल्या ९६ जणांना कॅन्सर नव्हताच! आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डागही असतात. मग पुन्हा सीटी, सुईने तुकडा काढणं, गाडीभाडं, आणि घरभर घोर.

अमेरिकेतही हा सीटी ५० ते ८० वयाच्या, रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षं ओढलेल्यांनाच सांगतात. चुलीचा धूर फुफ्फुसाला वाईटच, त्यात शंका नाही. पण त्या अभ्यासात चुलीपुढच्या बाया नव्हत्या. म्हणून आम्ही उचल घेतली नाही. मिश्री लावणाऱ्यांनी आधी तोंड दाखवावं. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

त्रास असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे शिबिराची वाट बघायची नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. थुंकीतून रक्त, उतरलेलं वजन, बसलेला आवाज अंगावर काढू नका. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू आहेत आणि उतार नाही, असं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सीटी काढायचा का?" विचारायला लाजायचं कशाला?

आमच्यातल्या एकीचे सासरे ४० वर्षं विड्या ओढतात. त्यांना ती जिल्हा रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. पेटीत ठेवलेला त्यांचा जुना एक्स-रे सोबत घ्यायला आम्ही सांगितलंय. डाग तेवढाच आहे की वाढला, हे जुन्याशी ताडून बघितल्यावरच कळतं.