अर्थसंकल्पाच्या मार्गाने शस्त्रनियंत्रण : राज्य विधिमंडळाच्या अधिकारकक्षेचा विचार

प्रास्ताविक :
अर्थसंकल्प मुदतीत मंजूर करून घेणे कोणत्याही शासनाला अपरिहार्य असते. त्यामुळे स्वतंत्र विधेयक म्हणून मांडल्यास ज्या तरतुदीला विरोध होईल, ती अर्थसंकल्पाला जोडून संमत करून घेण्याचा मोह सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जामीनविषयक कायद्यातील व्यापक बदल २०१९ मध्ये अर्थसंकल्पी विधेयकांतूनच मंजूर झाले. शस्त्रनियंत्रणाच्या तरतुदी याच मार्गाने आणण्याचा विचारही तेथे होत असतो. महाराष्ट्रात असे करता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शस्त्रविषयक अधिकार :
भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत ५ व्या क्रमांकाच्या नोंदीने शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय संसदेकडे सोपविला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय मात्र राज्य सूचीत आहेत. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात सर्वसाधारण शस्त्रपरवाना जिल्हादंडाधिकारी देत असले, तरी ते केंद्राचा शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसारच देतात. परवान्याच्या अटी राज्याच्या अर्थसंकल्पातून बदलता येत नाहीत. पोलीस दल, परवानाधारकांची पडताळणी व अभिलेख यांसाठी निधी देणे, एवढेच राज्याच्या हाती राहते.

धन विधेयकाची मर्यादा :
विषय राज्याच्या कक्षेतील असता तरी दुसरी अडचण उरते. अनुच्छेद १९९ नुसार कर, कर्ज, राज्याचा एकत्रित निधी व त्यातील विनियोजन अशा निर्दिष्ट बाबींविषयी ‘केवळ’ तरतुदी असणारे विधेयकच धन विधेयक ठरते. त्याच अनुच्छेदाचे दुसरे खंड अधिक बोलके आहे. दंड आकारणे किंवा परवान्याचे शुल्क घेणे यांची तरतूद आहे, एवढ्याच कारणाने विधेयक धन विधेयक होत नाही. म्हणजे शस्त्रपरवान्याचे शुल्क वाढविण्याच्या निमित्ताने परवान्याच्या अटी कडक करणारे विधेयक या व्याख्येत बसणार नाही. विनियोजन विधेयकाचा आधारही घेता येत नाही. ते मंजूर अनुदाने व भारित खर्च यांपुरतेच असते.

केंद्रातील अनुभव :
तथापि ही मर्यादा व्यवहारात नेहमीच पाळली गेली, असे म्हणता येत नाही. आधार अधिनियम २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून संमत झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो मार्ग ग्राह्य मानला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदविले. वित्त अधिनियम, २०१७ द्वारे अनेक न्यायाधिकरणांच्या रचनेत व सेवाशर्तींत बदल करण्यात आले. त्याविषयीच्या रॉजर मॅथ्यू प्रकरणात न्यायालयाने २०१९ मध्ये अध्यक्षांचे प्रमाणन न्यायालयीन परीक्षणाच्या सर्वस्वी पलीकडे नाही, असे म्हटले आणि धन विधेयकाचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविला.

विधान परिषद व शिक्षक :
हा वाद केवळ तांत्रिक नाही. धन विधेयकावर विधान परिषदेला १४ दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. साधारण विधेयक ती प्रथम तीन महिने व विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना थोपवू शकते. अखेर विधानसभेचाच शब्द चालतो, हे खरे. म्हणून फरक नकाराधिकाराचा नसून चर्चेला मिळणाऱ्या अवधीचा आहे. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यीय परिषदेत सात सदस्य शिक्षक मतदारसंघांतून येतात. कोल्हापूर जिल्हा पुणे शिक्षक मतदारसंघात मोडतो. सामाजिक धोरण धन विधेयकाच्या वेष्टनात आले, तर आपण निवडलेल्या प्रतिनिधीचे मत दोन आठवड्यांच्या शिफारशीपुरतेच उरते.

अवधीचे मोल शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ वरून लक्षात येते. नोव्हेंबरमध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात व्यक्तीस एकच अग्निशस्त्र बाळगण्याची मुभा होती. पूर्वीची मर्यादा तीन होती. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या अधिनियमात ती दोन ठरली. हे साधारण विधेयक होते आणि त्यातील प्रत्येक कलम उघडपणे शस्त्रांविषयीच होते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत व स्वप्निल कुसाळे यांच्यासारखे नेमबाज घडविणाऱ्या कोल्हापूरला अशा आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

समारोप :
शस्त्रनियंत्रण आवश्यक आहे की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणतेही असो, ते शस्त्रांच्याच विधेयकात, त्याच नावाने मांडले जावे. अर्थसंकल्पाने शासनाच्या हाती पैसा द्यावा. नागरिकांचे हक्क व बंधने ठरविण्याचे काम स्वतंत्र विधेयकाचे आहे. ‘केवळ’ या एका शब्दातून संविधानकर्त्यांनी हीच सीमारेषा आखली आहे.