समाकलनाची पायरी आणि पदवीचा विद्यार्थी

गोदावरीला पूर आला म्हणजे नांदेडजवळच्या विष्णुपुरी जलाशयातील पाण्याची आवक सतत बदलत असते. समजा, सकाळी ६ वाजता ती सेकंदाला २०० घनमीटर होती व ८ वाजता ४०० घनमीटर झाली. या दोन तासांत एकूण पाणी किती आले? आवक सारख्या प्रमाणात वाढली असे धरल्यास सरासरी ३०० घनमीटर आणि सेकंद ७,२००. म्हणजे २१ लाख ६० हजार घनमीटर. परंतु पूर इतक्या शिस्तीने वाढत नाही. म्हणून नोंदी अर्ध्या तासाने, मग पाच मिनिटांनी घ्याव्या लागतात. अंतर जितके लहान, तितकी बेरीज खरी. हे अंतर शून्याकडे नेले असता बेरीज ज्या संख्येवर स्थिरावते तिला समाकल आणि ती काढण्याच्या रीतीला समाकलन म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तरी आवक आणि साठा यांतील हा संबंध कोणास वेगळा समजावून सांगावयास नको.

विष्णुपुरीलाच १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. पदवीच्या पहिल्या वर्षी गणित घेणाऱ्या विद्यार्थ्याची साधारणतः पहिल्या सत्रात अवकलनाशी व दुसऱ्या सत्रात समाकलनाशी गाठ पडते. अनेकांचे पाऊल अडखळते ते या दुसऱ्या पायरीवर.

त्याचे एक कारण विषयातच आहे. अवकलनाचे नियम पाठ असले की बहुतेक उदाहरणे सुटतात. समाकलनाचे तसे नाही. कोणती रीत लावावयाची हे आधी ओळखावे लागते. क्ष² च्या साइनला क्ष ने गुणले असता त्याचे समाकलन दोन ओळींत होते. तो गुणक काढून टाकला की परिचित फलनांत उत्तरच मांडता येत नाही. अनंत श्रेणींतही असेच चकवे आहेत. १, १/२, १/४, १/८ अशी बेरीज कितीही लांबविली तरी २ च्या पुढे जात नाही. १, १/२, १/३, १/४ या श्रेणीतील पदे मात्र लहान लहान होत असूनही तिची बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. बारावीला पर्यायांतून उत्तर निवडण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला येथे 'का?' याचे उत्तर लिहावे लागते.

दुसरे कारण भाषेचे. किनवट, मुखेड, जळकोट किंवा देवणी तालुक्यातील ज्या मुलामुलींचे शालेय शिक्षण मराठीतून झाले, त्यांना विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तकाला तोंड द्यावे लागते. गणित कळते, पण प्रश्न कळत नाही, अशी ही अवस्था असते. मराठी विश्वकोशातील 'अवकलन व समाकलन' ही नोंद संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. ती आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून शिक्षकांनी संज्ञांची एक वही करून घेतली, तर पहिल्या महिन्यातील पुष्कळ अडचण दूर होईल.

तिसऱ्या कारणाचा उच्चार मात्र क्वचित होतो. वारंवार चाचण्या, तपासलेली उत्तरपत्रिका आणि चुकांची उजळणी या शिस्तीमुळे 'लातूर पॅटर्न' राज्यभर ओळखला गेला. ही शिस्त बारावी व प्रवेश परीक्षांपाशी संपते. दोन्ही शहरांतील शिकवणी वर्गांच्या पाट्या पाहिल्या तरी त्यांचा रोख कोणाकडे आहे हे ध्यानात येते. पदवीचा विद्यार्थी एकटा पडतो, आणि समाकलनासारखा विषय तर वाचून नव्हे, चुकून व दुरुस्त करूनच येतो. आठवड्याला पाच उदाहरणांची चाचणी आणि चारपाच जणांचा अभ्यासगट यांस वेगळा निधी लागत नाही. प्राध्यापकाचा एक ठरलेला तास लागतो.

साहित्याची वाण आता राहिलेली नाही. गिल्बर्ट स्ट्रँग व एडविन हर्मन यांच्या ओपनस्टॅक्स 'कॅल्क्युलस'चा दुसरा खंड समाकलनाच्या रीती, अवकल समीकरणांची ओळख व अनंत श्रेणी यांवर आहे. तो एकदा उतरवून घेतला की नेटवर्कवाचूनही वाचता येतो. एनपीटीईएल व स्वयम् यांवरील व्याख्याने विनामूल्य आहेत; जिओजेब्रा या आज्ञावलीत वक्राखालील क्षेत्र पट्ट्यापट्ट्यांनी भरताना प्रत्यक्ष दिसते. हुशार मुलांसाठी माधव गणित स्पर्धा आहे. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका इतरांनीही सोडवून पाहाव्यात.

यात पंचायतीचा संबंध काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि गावोगावी अनुदानित वाचनालये चालतात. तेथील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात, पदवीचे गणित बहुधा नसते. पुढच्या खरेदीच्या यादीत समाकलनाची दोन पुस्तके, एक छापलेला उदाहरणसंग्रह आणि संध्याकाळी दोन तास चालू राहणारा संगणक एवढे घातले, तरी बसच्या वेळेमुळे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात थांबू न शकणाऱ्या मुलींची सोय होईल. आज बी.एस्सी.ला असलेल्यांपैकीच काही जण पुढे बी.एड. करून याच तालुक्यांतील माध्यमिक शाळांत गणित शिकवावयास येतात.